चानपेंगच्या नावाचा टेकू

नान इन्तानं आयुष्यात दोनदाच घाई केली. एकदा तेविसाव्या वर्षी भिक्खूचं चीवर उतरवताना, आणि एकदा सदुसष्टाव्या वर्षी झाड तोडताना. पहिल्या घाईत त्याला चानपेंग मिळाली, तेव्हा ती घाई त्याला भोवली असं म्हणता येत नाही. निदान तिच्यासमोर तरी नाही.

आमच्या पांग-होक या डोंगरातल्या गावात जो पुरता भिक्खू होऊन मग संसारात परत येतो त्याला मरेपर्यंत 'नान' म्हणतात. जो लहानपणी श्रामणेर असतानाच परत येतो तो 'नोय'. यात उच्चनीच काही नाही, असं सगळे नोय सांगतात. इन्ता बाराव्या वर्षी विहारात गेला, विसाव्या वर्षी भिक्खू झाला, आणि रोज सकाळी भिक्षापात्र घेऊन फिरताना एका घरापाशी त्याची पावलं रेंगाळायला लागली. त्या घरातली मुलगी मान खाली घालून पात्रात चिकट भाताचा गोळा टाकायची. एक दिवस तिनं मान खाली ठेवूनच विचारलं, "भंते, रोज माझ्याच भाताला सगळ्यात जास्त वेळ का लागतो तुम्हाला?" तीन महिन्यांत भंते घरी आले. चानपेंग रागावली की पुढे चव्वेचाळीस वर्षं त्याला 'भंते' म्हणत राहिली. एरवी नान.

नान मुखदुर्बळ. विहारात पंचशील म्हणताना त्याचा आवाज खणखणीत लागे, पण स्वतःचं वाक्य बोलायचं म्हटलं की तो आधी इकडे-तिकडे बघे. त्याच्या वाट्याचंही चानपेंगच बोलायची. कुणी विचारलं, "काय नान, बरं आहे का?" तर घरातून उत्तर यायचं, "बरं नसायला काय झालंय त्याला?"

गावाचा धंदा मियांगचा. मोठ्या रानझाडांच्या सावलीत चहाची झाडं. त्यांची पानं खुडायची, वाफवायची, जुड्या बांधून महिनोन्महिने आंबवायची, आणि मग मिठाच्या खड्याबरोबर दाढेखाली धरून दिवस काढायचा. नानची बाग सगळ्यात वरच्या अंगाला, रानाला लागून. तिथे पट्टेरी खारी फार. वीतभरही नसतात. पाठीवर काळ्यापिवळ्या पट्ट्या, कानांच्या टोकांना पांढरे झुपके, आवाज पाखराचा. माणूस झाडाच्या या बाजूला आला की त्या पलीकडे सरकतात, माणूस फिरला की त्याही फिरतात. गावात त्यांना कुणी हिशेबात धरत नाही. खायला पुरत नाहीत आणि मियांगला तोंड लावत नाहीत. चानपेंग तेवढी त्यांच्याशी बोलायची, म्हणजे भांडायची. खुडणीच्या वेळी वरून टोपलीत टरफलं पडली की ती खालून एकेकीचा उद्धार करी. एकदा नान म्हणाला, "तिला काय कळतंय?" चानपेंग म्हणाली, "तुला तरी काय कळतं? पण तुझ्याशी बोलतेच ना मी?"

नानच्या सदुसष्टाव्या वर्षी चानपेंगच्या पोटात गाठ निघाली. लिंबाएवढी आहे, असं जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं. चानपेंगनं विचारलं, कागदी लिंबू की ईडलिंबू. डॉक्टर हसला नाही. खाट रिकामी झाली की फोन करू, असं सांगून त्यांना परत पाठवलं. फोन आला तो नेमका एप्रिलमधल्या नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी. परवा दाखल व्हा, तेरवा सकाळी ऑपरेशन.

नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे टेकू लावतात. विहाराच्या अंगणातल्या पिंपळाला, म्हणजे बोधिवृक्षाला, माणसाच्या नावानं बेचकीचं लाकूड टेकवायचं. झाडाला आधार दिला की त्या माणसाच्या आयुष्याला आधार मिळतो. लाकूड जितकं लांब तितकं आयुष्य लांब, असं धर्मात कुठेही सांगितलेलं नाही, पण आखूड टेकू कुणी आणत नाही. आमच्या पिंपळाखाली इतके टेकू आहेत की उद्या त्याची मुळं कापली तरी तो पडायला वाव नाही. टेकू त्या एकाच दिवशी लावायचा. चौथ्या दिवशी आणलेलं लाकूड म्हणजे सरपण.

लोक आठवडाभर आधी लाकूड तोडून, सोलून, रंगवून ठेवतात. नानकडे एक रात्र होती. तिसऱ्या दिवशी फटफटताच तो कोयता आणि कुऱ्हाड घेऊन बागेच्या वरच्या कडेला गेला. तिथलं एक सरळसोट झाड त्याच्या कित्येक वर्षं नजरेत होतं. मांडीएवढं जाड, शेंड्याला देखणी बेचकी. असं लाकूड गावात कुणाच्या टेकूला लागलं नव्हतं.

आता आमच्याकडे विहारासाठी झाड तोडायचं तर आधी कोयत्याच्या पाठीनं तीनदा ठोकतात. झाडात कुणी राहत असेल तर त्याला ऊठ म्हणून सांगायचं, थोडं थांबायचं, मग कुऱ्हाड उचलायची. नान ठोकत नसे. तीन वर्षं भिक्खू राहिलेल्या माणसानं झाडातल्या भुताखेतांची परवानगी मागायची हे त्याला पटत नसे. नोय कामपान, त्याचा शेजारी आणि जन्माचा टवाळ, त्याला नेहमी म्हणायचा, "नान, भूत नसेल तर ठोकल्यानं जातंय काय? आणि असलं तर?" नान त्यावर नुसता हसायचा. त्या दिवशीही त्यानं ठोकलं नाही. शिवाय घाई होती.

झाड पडलं. बेचकीच्या खाली एक भोक होतं, दोन बोटं जातील एवढं. नाहीतरी बेचकीला पिवळं कापड गुंडाळायचंच असतं; त्यानं ते भोकावरून चांगलं दोन वेढे देऊन बांधलं. खाली नाव कोरलं. विहारातली जुनी लिपी त्याच्याइतकी सुबक गावात कुणाची नाही. दुपारी आठ जणांनी मिळून टेकू उभा केला. पूर्वेकडच्या मोठ्या फांदीखाली बेचकी नेमकी बसली. बाकीचे टेकू त्याच्या खांद्यालाही लागत नव्हते. चानपेंग सगळ्यांकडे पाहत होती आणि कुणालाही काही बोलत नव्हती. तिच्या बाबतीत याचा अर्थ ती खूश होती.

संध्याकाळी नान दिवा लावायला एकटाच गेला तेव्हा त्याला आवाज ऐकू आला. बारीक, सुईसारखा. त्यानं आधी पिंपळाकडे पाहिलं, मग कापडाकडे. पिंपळाला टेकलेली विहाराची शिडी वरपर्यंत चढला, कान लावला, कापड जरा सैल केलं, खाली उतरला आणि विहाराच्या पायरीवर बसून राहिला.

आत खारीची पिल्लं होती. हात जाईना एवढं भोक. काढायची तर लाकूड चिरायला हवं. चानपेंगचं नाव कोरलेला, चानपेंगच्या आयुष्याचा टेकू, ऑपरेशनच्या तोंडावर, कुऱ्हाडीनं चिरायचा. किंवा उतरवून परत रानात न्यायचा, आई असेल तिथे. लावलेला टेकू मागे घेणं म्हणजे काय, हे आमच्याकडे मोठ्यानं सुद्धा कुणी बोलत नाही. नान घरी आला, कापड जरा सैल करून आलो एवढंही बोलला नाही, जेवला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला. आयुष्यभर शीलं शिकवलेला माणूस. त्याला आपली लाज वाटत होती आणि तरीही त्याचा विचार ठाम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावची पिकअप खाली जायची होती. शहरात शिवणकाम करणारी मुलगी अम्पाय आईला न्यायला आली होती. दवाखान्यात सोबतीला एकच माणूस चालतं. ते कोण, यावर चर्चा झालीच नाही. चानपेंग म्हणाली होती, "तू येऊन काय करणार? डॉक्टरला सूत्रं म्हणून दाखवणार?"

गाडीत बसण्याआधी ती टेकूला हात जोडायला विहारात आली. नान मागे उभा राहिला. कामपान होता, अम्पाय होती. अंगणात आमचे तरुण भंते झाडू मारत होते. त्यांना अक्षरओळख नाननंच करून दिलेली.

चानपेंगनं डोळे मिटले. मग उघडले.

"नान, हे काय?"

"काय?"

"लाकूड चिवचिवतंय."

"ओलं आहे," नान म्हणाला. "उन्हानं ताण बसतो."

"पन्नास वर्षं मी चूल फुंकतेय. ओलं लाकूड धुमसतं, फसफसतं, फटाफटा उडतं. दूध मागत नाही." तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. "भंते, तुम्हाला कधी कळलं?"

झाडू मारणारे भंते चमकून बघायला लागले.

"तुम्ही नाही, हे," चानपेंग म्हणाली.

"काल," नान म्हणाला. "संध्याकाळी."

"काल संध्याकाळी! आणि भात खाल्लास वर? काढ ते खाली."

"नाही."

चव्वेचाळीस वर्षांत हा शब्द त्या घरात नवऱ्याच्या तोंडून निघाला नव्हता. चानपेंगला तो नीट ओळखू आला नाही.

"काय म्हणालास?"

"नाही काढणार." नाननं या वेळी इकडे-तिकडे पाहिलं नाही. त्याचा पंचशीलाचा आवाज लागला होता. "मरू देत पिल्लं. चार असोत, चाळीस असोत, मरू देत. मला तू हवी आहेस. हा टेकू हलणार नाही."

झाडू थांबला. प्राणिहत्येपासून विरत राहण्याचं शील गावाकडून दर पौर्णिमेला म्हणवून घेणारा माणूस बोधिवृक्षाखाली उभा राहून हे बोलला होता. 

चानपेंग त्याच्याजवळ गेली. ती हळू आवाजात बोलू शकते हे अम्पायलाही नवीन होतं.

"असं नको रे बोलू. माझं नाव आहे त्याच्यावर. माझ्या नावाखाली कुणाची तरी लेकरं उपाशी मरतायत, आणि मी तिथे जाऊन टेबलावर आडवी पडू? सुरी पोटात शिरेल तेव्हा माझ्या कानात हेच असेल. मला नको असलं आयुष्य. लांब नको नि आखूड नको."

नान भंतेंकडे वळला. तेवढीच एक आशा होती. "भंते, लावलेला टेकू विहाराचा होतो ना?"

"होतो," भंते म्हणाले. "दिलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही. परत नेली तर ती चोरी होईल."

"ऐकलंस?" नान म्हणाला.

"म्हणजे आतली पिल्लंही विहाराची," चानपेंग म्हणाली. "भंते, विहारात ती उपाशी मारलेली चालतात का?"

भंते बराच वेळ झाडूच्या काड्या नीट करत राहिले. शेवटी म्हणाले, "लग्नाकार्याला विहार भांडी देतो, चटया देतो. टेकू कधी कुणी मागितला नव्हता. उसना देता येईल. मात्र एकदा निघाला की पुन्हा लावता येणार नाही. तो पुढच्या नववर्षाला, त्या दिवशीच."

"तोवर मी नसेन तर नसेन," चानपेंग म्हणाली. "चला."

खाली पिकअपनं भोंगा वाजवला. ती निघाली, चार पावलांवर थांबली. "झाडावर भोकाचं तोंड पूर्वेला होतं, तसंच ठेवा. नाहीतर तिला घर कळायचं नाही. मला माहीत आहे ती बया. माझ्या टोपलीत टरफलं टाकते."

गाडी वळणाआड गेली तरी नान तिथेच होता. मग कामपान म्हणाला, "उचल. पुढचं टोक तू घे, तुझा चेहरा मला बघवत नाही."

चढ तासाभराचा, पण त्यांना दोन तास लागले. काल आठ जणांनी उभं केलेलं लाकूड आज दोन म्हातारे खांद्यावर नेत होते. दर शंभर पावलांवर खांदा बदलायचा, आणि दर वेळी कामपान लाकडाला कान लावून म्हणायचा, "आहेत." शेवटच्या चढावर तो नुसताच कान लावून राहिला आणि मग म्हणाला, "चल लवकर."

तोडलेल्या बुंध्यापाशी त्यांनी टेकू शेजारच्या झाडाला टेकवून उभा केला, बांबूच्या पट्ट्यांनी घट्ट बांधला, भोकाचं तोंड पूर्वेला केलं आणि कापड सोडलं. मग दोघं लांब जाऊन चहाच्या झाडाखाली बसले. कामपाननं मियांगची जुडी सोडली. नाननं नको म्हटलं.

पाऊण तास काहीच झालं नाही. मग वरून पाखरासारखा आवाज आला. एकदा, दोनदा. पलीकडच्या झाडावरून ती उलटी, डोकं खाली करून उतरली. मध्येच खोडाला चिकटून थांबली.  ती टेकूवर आली, भोकाभोवती एक फेरी मारली आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा तोंडात पिल्लू होतं, मुटकुळं केलेलं. ते घेऊन ती वर पानांत दिसेनाशी झाली. परत आली, दुसरं नेलं. परत आली, तिसरं. चौथ्यांदा ती आत बराच वेळ होती. रिकाम्या तोंडानं बाहेर आली, काठावर जरा थांबली, आणि गेली ती आलीच नाही.

"झाली सगळी," कामपान म्हणाला.

"किंवा एक मेलं," नान म्हणाला. "रात्री."

"नान, आता ते उकरून काढू नकोस. तीन वाचली."

"काल संध्याकाळीच आणलं असतं तर चार वाचली असती," नान म्हणाला, आणि उतरायला लागला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठ वाजता भंते अंगणात आले तर नान पिंपळाखाली उभा होता. पूर्वेकडच्या त्या मोठ्या फांदीखालची जागा आता मोकळी होती. तिथवर त्याचा हात पुरणं शक्य नव्हतं. पण तिचीच एक धाकटी फांदी डोक्याच्या उंचीपर्यंत खाली आली होती. तिच्याखाली तो दोन्ही हात वर करून, तळवे टेकवून उभा होता. फांदीला त्याची काही गरज नव्हती.

"नान, काय करताय?"

"नऊ वाजता नेणार आहेत तिला," नान म्हणाला.

भंते आत गेले आणि जरा वेळानं एक स्टूल घेऊन आले.

"टेकूला बसता येत नाही, भंते."

"धर्मात असं काही सांगितलेलं नाही."

"मला ठाऊक आहे," नान म्हणाला. त्याला ठाऊक होतं. त्यानंच ते भंतेंना शिकवलं होतं.

दहा वाजता मुंग्यांना तो सापडला. अकरा वाजता गावची म्हातारी ई-कॅव हळदीचं सुवासिक पाणी घेऊन आली. नववर्षाच्या आठवड्यात पिंपळावर आणि टेकूंवर ते शिंपडतात. तिला दिसतं कमी. एकेका टेकूवर पाणी घालत ती नानपर्यंत आली आणि त्याच्याही डोक्यावर तिनं वाटीभर ओतलं. ते कपडे घातलेलं आहे हे तिला मग कळलं असावं, पण ती काही बोलली नाही. हात जोडले, "दीर्घायुषी हो चानपेंग," म्हणाली आणि पुढच्या टेकूकडे गेली.

दुपारी कामपान भात घेऊन आला. नान हात खाली करेना, तेव्हा त्यानं भाताचे गोळे करून त्याच्या तोंडात घातले.

"फांदी पडत नाहीये रे," तो म्हणाला.

"हो."

"भीती वाटते?"

"हो," नान म्हणाला. "फार वाटते. ती गेली तर मी काय बोलायचं कुणाशी?"

 कामपान शेजारच्या टेकूला पाठ लावून बसला आणि उठला नाही. एक वाजला, दोन वाजले. भंतेंनी अंगण झाडलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच अंगण झाडलं. नानचे हात थरथरायला लागले होते. ते थरथरले की पानं हलायची, आणि वारा नसताना पानं हलतायत म्हणून कामपान दर वेळी वर बघायचा.

चार वाजता नानच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. नाननं खिशाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. भंते झाडू टाकून धावले, फोन काढला आणि त्याच्या कानाला धरला.

"बाबा," अम्पाय म्हणाली, "झालं. गाठ काढली. आई आत्ताच शुद्धीवर आलीय. ऐकत नाहीये, फोन दे म्हणतेय. थांबा."

मग नुसता श्वास ऐकू आला. मग चानपेंगचा आवाज, अगदी तळातून आल्यासारखा.

"आली का ती?"

"आली," नान म्हणाला. "तीन नेली."

"तेवढीच होती?"

"चौथं माझ्यामुळे गेलं."



"कुठे आहेस?"

"विहारात."

"काय करतोयस?"

नाननं या वेळी इकडे-तिकडे पाहिलं. भंते होते, कामपान होता.

"उभा आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"सकाळपासून."

 दवाखान्यात कुणीतरी कुणाला तरी हाक मारली.

"बस आता," चानपेंग म्हणाली.

नाननं आधी डावा हात काढला. मग उजवा. मान वर करून जरा वेळ फांदीकडे पाहिलं. ती होती तिथेच होती. मग तो मुळांवर खाली बसला.